घोरपडीचे कातडे आणि नागाचे विष



चतुर्थी जवळ आली की या शाळेत आरतीचा सराव चाले आणि घुमटावर पहिली थाप पडताच आम्ही मुले खिडक्यांशी गोळा होत असू. ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी एकदा ते घुमट हाती घेऊन विचारले, "हे कातडे कोणाचे?" घोरपडीचे, हे गोव्यातल्या कोणत्याही पोराला ठाऊक होते. "बरे, ती धरली कोणी? आणि त्याच्या पदरात काय पडले?" यावर मात्र आम्ही गप्प. आजचे माझे बोलणे त्या अनुत्तरित प्रश्नाविषयी आहे.

घोरपडीचे पुढे काय झाले ते आपण जाणता. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला अभय दिले, घुमटावर बकऱ्याचे कातडे आले आणि 2019 साली गोवा शासनाने या वाद्याला वारसा वाद्याचा मान दिला. नादात फरक पडला की नाही यावर जुने वादक अजून भांडतात. ते भांडण मी त्यांच्यावरच सोपवतो. पण घोरपड धरणारा माणूस या साऱ्या हकिकतीत कोठेच दिसत नाही. त्याचा माग काढावयाचा तर आपल्याला किनारा बदलून चेन्नईच्या दक्षिणेस, चेंगलपट्टूच्या परिसरात जावे लागते. तेथे अशाच एका जमातीचा इतिहास बऱ्यापैकी नोंदला गेला आहे.

ही जमात इरुळांची. कन्नीअम्मा ही त्यांची देवता. मासी महिन्याच्या पौर्णिमेस महाबलिपुरमच्या वाळूत ते तिच्या पूजेसाठी जमतात. हातात एक पहार घेऊन इरुळ पुरुष बांधाबांधाने फिरतो. मातीवरची अस्पष्ट रेघ, विष्ठा, टाकलेली कात पाहून कोणत्या बिळात कोणता साप आहे हे सांगतो. ही विद्या पोथीत नाही. ती बापाच्या मागून चालताना मुलाच्या डोळ्यांत उतरते.

विसाव्या शतकात या विद्येला गिऱ्हाईक मिळाले ते कातड्याच्या व्यापाराचे. धामण, अजगर, नाग, घोणस, दिवड यांची कातडी मद्रासेकडच्या कारखान्यांत कमावली जात आणि परदेशांत त्यांचे जोडे, पट्टे व बटवे होत. साप लाखोंच्या संख्येने मारले गेले. नफा दलाल, कारखानदार आणि निर्यातदार यांच्यात वाटला जाई; बिळात हात घालणाऱ्याच्या वाट्याला त्यातले सर्वांत थोडे येई. या व्यापारात जनावर मेल्याखेरीज माल तयार होत नाही आणि मागणी वाढली तरी बिळातली पिले त्या वेगाने वाढत नाहीत. आपल्या शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकात फुरसे मारून आणणाऱ्यास सरकार बक्षीस देत असे. तेथे माल नव्हता, नुसती मोजणी होती. पण जनावराकडे पाहण्याची दृष्टी तीच.

1976 साली सर्पचर्माच्या निर्यातीवर बंदी आली. त्याच वर्षी, वॉशिंग्टन येथे 1973 मध्ये झालेल्या वन्यजीव व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय करारात भारत सामील झाला. बंदी चुकीची होती असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. ती न येती तर धामण शेतातून नाहीशी झाली असती आणि उंदरांनी आपले धान्य खाल्ले असते. परंतु बंदीच्या कागदावर इरुळाचे नाव नव्हते. काल ज्याच्या कसबावर एक व्यापार उभा होता, तो दुसऱ्या दिवशी गुन्हेगार ठरला. कोणी भातगिरणीत हमाली धरली, कोणी दुसऱ्याच्या शेतात राबू लागला, कोणी चोरून जुनाच धंदा करीत राहिला.

या कोंडीतून जी वाट निघाली तिच्यामागे रोम्युलस व्हिटेकर यांची खटपट होती. मद्रासचे सर्पोद्यान त्यांनी उभारले होते आणि इरुळांबरोबर ते वर्षानुवर्षे हिंडले होते. 1978 साली इरुळ सर्पपारध्यांची सहकारी संस्था नोंदली गेली. वडनेम्मेली येथील मगर-पैदास केंद्राच्या आवारात तिचे काम चालू लागले. वस्तू बदलली: कातड्याऐवजी विष. घोड्याला विषाच्या वाढत्या मात्रा टोचून त्याच्या रक्तातून प्रतिविष काढण्याची रीत 1890 च्या दशकापासून ज्ञात होती आणि मुंबईच्या हाफकिनसारख्या संस्थांना त्यासाठी नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांचे विष सतत लागत असे.

कामाची रीत ऐकण्यासारखी आहे. वनखाते प्रत्येक जातीचे किती साप धरावयाचे ते परवान्यात ठरवून देते. धरलेला साप मडक्यात ठेवतात, तोंडाला फडके बांधतात. आठवड्याच्या अंतराने सुमारे चार वेळा विष काढतात. त्यानंतर पोटाकडचा एक खवला किंचित कापून खूण करतात आणि त्याला रानात सोडून देतात. तोच साप पुन्हा लवकर हाती आला तर खुणेवरून कळते आणि त्याला जाऊ देतात. फुरशाकडून एका वेळी वाळलेले विष मिळते ते काही मिलिग्रॅम. एक ग्रॅम जमवावयास शेकड्याने साप लागतात. तेव्हा सापाला जिवंत ठेवणे ही येथे दया नव्हे, हिशेब आहे. आणि विष विकते ती संस्था, दलाल नव्हे. गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर या एका वाक्यात येते. सोडलेल्यांपैकी किती साप पुढे जगतात याचा अभ्यास मात्र जितका व्हावयास हवा तितका झालेला नाही, आणि संस्थेच्या स्तुतिपाठकांनी हे मान्य करावे.

2017 साली मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल हे दोन इरुळ अमेरिकेत फ्लोरिडाला गेले. तेथे बाहेरून आलेल्या ब्रह्मी अजगरांनी उच्छाद मांडला होता. या दोघांनी आठवड्याभरात 13 अजगर काढून दिले. 2023 साली दोघांना पद्मश्री मिळाली.

या इतिहासाचा एक धागा आपल्या दारापर्यंत येतो. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे दगावली, असा 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. देशातील प्रतिविषासाठी लागणारे बहुतेक विष या एकाच संस्थेतून, म्हणजे तमिळनाडूच्या एका टापूतल्या सापांपासून येत आले आहे. परंतु एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते आणि म्हणून एका ठिकाणच्या विषापासून केलेली लस दुसऱ्या ठिकाणी कमी पडू शकते, हे अलीकडच्या संशोधनाने दाखवून दिले आहे. आपल्या कातळसड्यावरच्या फुरशाचे विष गोळा करावयाचे तर ते फुरसे न मारता धरणारे हात लागतील. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी आपल्यासाठी घोरपडी धरल्या, त्यांची नावे आपण कोठे लिहून ठेवली आहेत?