मेहली मेहता यांची वाद्यवृंदसाधना

मुंबईत पाश्चात्त्य सिंफनीचा परिचय मूठभर रसिकांपुरताच असताना, १९०८ साली जन्मलेले पारशी व्हायोलिनवादक मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली. न्यूयॉर्कास व्हायोलिनशिक्षक गॅलेमियन यांच्यापाशी अध्ययन आणि मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात चाकरी करून, १९६४ पासून तीन दशकांहून अधिक काळ लॉस एंजेलिसच्या अमेरिकन यूथ सिंफनीचा कारभार त्यांनी समर्थपणे वाहिला. पुत्र झुबिन १९६२ मध्येच तेथील फिलहार्मॉनिकचे संगीतसंचालक झाल्याने पित्याची कीर्ती किंचित झाकोळली. परंतु तरुण वादकांच्या पिढ्या घडविण्याचे त्यांचे कार्य स्वतंत्र गौरवास पात्र आहे.