गायकवाडी रूळ आणि भूमिगत वायुवाहिनी

बडोदे संस्थानाने १८६२ मध्ये डभोई ते मियागाम हा नॅरोगेज लोहमार्ग सुरू केला. देशी संस्थानाच्या मालकीचा हा पहिला लोहमार्ग होय. रूळ हलके असल्याने आरंभी गाड्या बैल ओढीत. १८७३ पासून वाफेची इंजिने धावू लागली. पुढे जंबुसरपासून डभोईमार्गे बोडेलीपर्यंत गायकवाडी रुळांची पूर्व-पश्चिम रांगच तयार झाली. १९८० नंतरच्या दशकात हजिरा-विजयपूर-जगदीशपूर वायुवाहिनी दक्षिणेकडून वाघोडियाकडे नेताना ही रांग ओलांडणे अपरिहार्य होते.

अशा ठिकाणी सामान्यतः रूळ न उखडता भरावाखालून आडवे छिद्र पाडतात, त्यात पोलादी आवरणनळी बसवतात आणि तिच्यातून वायूची नळी नेतात.

या दोहोंतील खरा भेद जमिनीच्या हक्काचा आहे. लोहमार्गासाठी जमीन कायमची जाई, पण परिसराला स्थानक लाभे. डभोई तर मोठे जंक्शन झाले. वाहिनीसाठी १९६२ च्या कायद्यान्वये केवळ वापरहक्क घेतला जातो. जमीन शेतकऱ्याचीच राहते. मात्र त्या पट्ट्यात त्याला घर बांधता येत नाही, विहीर खणता येत नाही, झाड लावता येत नाही. वायू मात्र दूरच्या खतकारखान्यांकडे निघून जातो.

डभोई-चांदोद मार्ग ब्रॉडगेज होऊन २०२१ मध्ये गाडी केवडियापर्यंत गेली. तरीही जुन्या रुळांची स्मृती स्थानकांच्या नावांत उरली आहे. वाहिनीला अशी स्मृती नाही. शेतकऱ्याच्या हक्कावर आलेल्या मर्यादेची नोंद राजपत्रातील भूमापन क्रमांकांच्या सूचनांत आहे. म्हणून या प्रदेशाचा इतिहास लिहिताना बडोद्याच्या दप्तराइतकेच महत्त्व या सूचनांनाही दिले पाहिजे.