संगणकाच्या रांगेतली कॉलेजं

भारतातल्या संगणकाचा इतिहास बहुतेकदा वेगाच्या हिशेबात सांगितला जातो. कोणतं यंत्र सेकंदाला किती आकडेमोड करायचं, जगाच्या यादीत त्याचा क्रमांक कितवा होता, ते बाहेरून आणलं की इथं घडवलं, याची वर्णनं भरपूर मिळतात. त्यात एक माणूस मात्र सहसा सापडत नाही. मुंबई-पुण्यापासून दोन-चारशे किलोमीटरवरच्या कॉलेजात शिकवणारा, तासिका सांभाळून पीएचडीचं काम रेटणारा प्राध्यापक. त्याच्या जागेवरून गेल्या साठ वर्षांकडे पाहिलं तर वेगळंच चित्र दिसतं. देशात यंत्रं वाढली म्हणून त्याच्यापर्यंत संगणक आपोआप आला, असं झालं नाही. जेव्हा आला तेव्हा बाहेरच्या माणसालाही यंत्रावर वेळ मिळेल असा नियम आधी कुणीतरी केला होता, त्याला शिकवायला माणूस दिला होता आणि त्याच्या प्रवासाचा, राहण्याचा खर्च उचलला होता. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी सरकार हजारोंच्या संख्येनं जीपीयू उपलब्ध करून देत असताना हा जुना अनुभव नीट तपासायला हवा.

सुरुवात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेपासून, म्हणजे टीआयएफआरपासून करू. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तिथं बांधलेला संगणक १९६० मध्ये कामाला लागला आणि १९६२ मध्ये नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिलं. त्याची स्मृती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या मापानं जेमतेम १० किलोबाइट होती. त्याच १९६२ मध्ये कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ सुरू झालं; औरंगाबादचं मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्येच स्थापन झालं होतं. म्हणजे महाराष्ट्रात उच्च शिक्षण जिल्ह्यांकडे सरकू लागलं त्याच सुमाराला संगणक कुलाब्यात उभा राहत होता. या दोन घटनांना जोडणारा पहिला दुवा १९६४ मध्ये आला. अमेरिकेच्या मदतीतून टीआयएफआरनं सीडीसी ३६०० हे मोठं यंत्र घेतलं आणि ते राष्ट्रीय सुविधा म्हणून चालवलं. देशभरातल्या संस्था आणि विद्यापीठं त्यावर आपली कामं चालवू लागली. यंत्र एका संस्थेच्या आवारात असलं तरी त्याचा वेळ केवळ त्या संस्थेचा नाही, हे तत्त्व इथं मान्य झालं. माझ्या मते त्या यंत्राच्या वेगापेक्षा ही गोष्ट मोठी होती.

पण तत्त्व मान्य होणं आणि बाहेरगावच्या संशोधकाला ते उपयोगी पडणं यांत बरंच अंतर होतं. त्या काळचा फोर्ट्रान प्रोग्रॅम पुठ्ठ्याच्या कार्डांवर छिद्रं पाडून लिहिला जाई. एका कार्डावर ८० रकाने आणि सहसा एका कार्डावर एकच विधान. पहिले पाच रकाने विधानाच्या क्रमांकासाठी, सहावा मागच्या ओळीचा विस्तार दाखवण्यासाठी, सातव्यापासून बहात्तराव्यापर्यंत खुद्द विधान. शेवटचे आठ रकाने संगणक वाचतच नसे; गठ्ठा हातातून पडून विस्कटला तर कार्डं पुन्हा ओळीनं लावता यावीत म्हणून शहाणे लोक तिथं अनुक्रमांक टाकत. एखादा स्वल्पविराम राहिला, एखादं अक्षर सहाव्या रकान्यात पडलं, की उत्तराऐवजी चुकांची यादी छापून यायची. मुंबईत राहणारा संशोधक ते कार्ड बदलून गठ्ठा पुन्हा रांगेत लावू शकत होता. बाहेरगावचा माणूस कार्डं घेऊन आला असेल तर मुक्काम लांबायचा, ती पाठवली असतील तर एका स्वल्पविरामापायी आठवडा जायचा. दोघांना नियम एकच, यंत्र एकच, तरी अंतरामुळे एकाला दिवसाला एक चूक परवडे आणि दुसऱ्याला महिन्याला चार. प्रोग्रॅमिंग माणूस चुकतचुकतच शिकतो. ज्याला चुकायला सवड नाही, तो मागे पडणार हे उघड होतं.

हे अंतर प्रशिक्षणानं कमी करता येतं, हे कानपूरनं दाखवलं. १९६३ मध्ये आयआयटी कानपूरमध्ये आयबीएम १६२० आला. तिथल्या मंडळींनी तो आपल्या विद्यार्थ्यांसाठी तर वापरलाच, पण देशभरातल्या शिक्षकांसाठी आणि संशोधकांसाठी दहा-दहा दिवसांचे वर्गही लगेच सुरू केले. सकाळी व्याख्यान ऐकायचं, मग स्वतः प्रोग्रॅम लिहून यंत्रावर चालवून पाहायचा. व्ही. राजारामन यांचं प्रोग्रॅमिंगवरचं पाठ्यपुस्तक १९६९ मध्ये निघालं ते याच शिकवण्याच्या अनुभवातून. विद्यार्थ्याला विकत घेता येईल अशा किमतीचं ते पुस्तक ज्या कॉलेजांत संगणक पोहोचायला अजून पंधरा-वीस वर्षं होती, तिथंही वाचलं गेलं. कागदावर प्रोग्रॅम लिहून तो तपासायची सवय असलेली एक पिढी त्यामुळे यंत्राच्या आधी तयार झाली. नंतर यंत्रं आली तेव्हा त्यांचा उपयोग करणारे लोक हजर होते.

पुढचा भाग पुण्यात घडला आणि तो सविस्तर पाहण्याजोगा आहे. १९८८ मध्ये एकाच गावात, पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंडीतल्या परिसरात, दोन संस्थांचा आरंभ झाला. एक सी-डॅक. अमेरिकेनं शक्तिशाली क्रे संगणक द्यायला नकार दिला, तेव्हा विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तीन वर्षांत, सुमारे ३० कोटींत स्वदेशी महासंगणक बनवायचं ठरलं आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. बाजारात मिळणारे ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर शेकड्यानं विकत घेऊन त्यांना एकत्र काम करायला लावण्याची ती युक्ती होती. ही गोष्ट महाराष्ट्रात शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे आणि ती अभिमानानं सांगावी अशीच आहे. दुसरी संस्था म्हणजे आयुका, जयंत नारळीकरांनी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आधारानं उभं केलेलं आंतरविद्यापीठ केंद्र. खगोलशास्त्रातलं तिचं काम सर्वांना माहीत आहे. तिची रचना मात्र फारशी चर्चिली जात नाही, आणि या लेखापुरती तीच महत्त्वाची आहे.

नारळीकर त्याआधी टीआयएफआरमध्ये होते. उत्तम ग्रंथालय, उत्तम यंत्रं आणि उत्तम सहकारी असलेल्या संस्थेत काम कसं होतं हे त्यांनी आतून पाहिलं होतं, आणि विद्यापीठांतल्या लोकांना यातलं काय मिळत नाही हेही. आयुकाच्या रचनेत विद्यापीठांतले आणि कॉलेजांतले शिक्षक ‘असोसिएट’ म्हणून ठरावीक वर्षांसाठी निवडले जातात. ते आपापल्या नोकरीतच राहतात, सुट्टीत किंवा रजेवर पुण्याला येतात, तिथं राहतात, ग्रंथालय आणि संगणक वापरतात, चर्चा करतात आणि परत जाऊन काम चालू ठेवतात. प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च संस्था करते. पुढे काही विद्यापीठांत आयुकाची छोटी केंद्रंही झाली, म्हणजे दरवेळी पुणं गाठायची गरज उरली नाही. बाहेरून आलेला शिक्षक हा इथं पाहुणा नव्हता. त्याच्यासाठीच संस्था काढली होती. सी-डॅकनं यंत्राचा प्रश्न सोडवला, आयुकानं माणसाचा. आपण पहिल्याच्या धर्तीवर पुष्कळ काही केलं. दुसऱ्याची पद्धत मोजक्याच विषयांपुरती राहिली, हे मला गेल्या तीन दशकांतलं मोठं नुकसान वाटतं.

ही पद्धत मोठ्या प्रमाणावरही चालू शकते, याचा पुरावा मुंबईतून मिळाला. आयआयटी मुंबईचे दीपक फाटक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केंद्र सरकारच्या शिक्षण-तंत्रज्ञान मोहिमेखाली २००९ नंतर दहा हजार अभियांत्रिकी शिक्षकांना प्रशिक्षण देण्याचा प्रकल्प हाती घेतला. देशभरातली अभियांत्रिकी कॉलेजं त्याची दूरस्थ केंद्रं झाली. व्याख्यानं पवईतून थेट प्रक्षेपित होत, पण त्याआधी प्रत्येक केंद्राचा समन्वयक स्वतः पवईला येऊन शिकून गेलेला असे. व्याख्यान संपलं की प्रात्यक्षिक घेणारा, अडलेल्याच्या खांद्यावरून स्क्रीनकडे पाहून चूक दाखवणारा माणूस त्याच खोलीत होता. नुसत्या प्रक्षेपणानं हे साधलं नसतं. त्याच मोहिमेतून पुढे आलेल्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’मध्येही मराठीसह भारतीय भाषांतले छोटे धडे तयार झाले, आणि ते कॉलेजात समन्वयकाच्या देखरेखीखाली करायचे असत.

आता सध्याच्या स्थितीकडे. २०१५ मध्ये राष्ट्रीय महासंगणन मोहिमेला ४,५०० कोटी रुपये मंजूर झाले. पुण्याच्या सी-डॅकमधला ‘परम सिद्धी-एआय’ नोव्हेंबर २०२० मध्ये जगात ६३व्या क्रमांकावर होता. मार्च २०२४ मध्ये इंडिया-एआय मोहिमेला १०,३०० कोटींहून अधिक रकमेची मंजुरी मिळाली. दहा हजार जीपीयूंचं उद्दिष्ट होतं, २०२५ मध्ये आकडा ३८ हजारांवर गेला आणि सरासरी दर तासाला ६५ रुपयांच्या आसपास ठेवला गेला. हे यश मोठं आहे. एखाद्या संशोधकाला बोलीभाषेतलं उच्चारण ओळखणारं छोटं प्रारूप घडवायला एका जीपीयूचे दोनशे तास लागले, तर या दरानं खर्च १३ हजार रुपये येतो. तेवढे पैसे कॉलेजही उभे करू शकेल. म्हणून आजची अडचण दरात कमी आणि दाराच्या आत शिरल्यावर जास्त आहे. महासंगणकावर काम म्हणजे आधी किती प्रोसेसर, किती स्मृती, किती तास हवे हे एका छोट्या फाइलीत लिहून काम रांगेत लावणं. अंदाज कमी पडला तर अर्ध्यावर काम बंद होतं, जास्त मागितलं तर नंबर उशिरा लागतो. एखादी लायब्ररी न जुळणाऱ्या आवृत्तीची निघाली तर सहा तास रांगेत थांबलेलं काम दहा सेकंदांत चूक झाल्याचा संदेश देऊन संपतं. शेजारच्या टेबलावर जाणकार असेल तर हा दहा मिनिटांचा प्रश्न असतो. नसेल तर कार्डाच्या सहाव्या रकान्यात पडलेल्या अक्षराइतकाच तो महाग पडतो.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की साधनं तोकडी असताना ती सर्वोत्तम हातांतच द्यावीत. कॉलेजांत वाटून टाकली तर ना इथं काही होईल ना तिथं. यातला काटकसरीचा मुद्दा खरा आहे. पण सर्वोत्तम हात कोणते हे आधी कळत नाही, आणि कळण्याचा मार्ग काम करून पाहणं हाच आहे. पुण्यातलं उदाहरण समोर आहे. मराठीसाठी ‘महाबर्ट’सारखी भाषाप्रारूपं आणि ‘महाकॉर्पस’सारखा मजकूरसंग्रह ‘एल-थ्री-क्यूब’ या मार्गदर्शन-उपक्रमातून तयार झाले. त्यांत पुण्यातल्या अभियांत्रिकी कॉलेजाचे पदवीचे विद्यार्थी होते. मोठ्या संस्थांनी मराठीकडे स्वतंत्रपणे पाहण्याची वाट न पाहता त्यांनी ते केलं, कारण वाट दाखवणारा जाणकार त्यांना मिळाला होता. ही मुलं पुण्यात होती, हेही खरं. गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून गडचिरोलीत आहे. गोंडी आणि माडियाचं बोलणं ध्वनिमुद्रित करायला त्याहून योग्य जागा कोणती? भाषा जिथं बोलली जाते तिथल्या संशोधकाला हे काम करता आलं नाही, तर ते दूरवरून आणि अपुऱ्या माहितीवर होणार.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. आता इंटरनेटवर फुकट जीपीयू मिळतात, शिकायला असंख्य व्हिडिओ आहेत. ज्याला करायचं आहे तो करेलच. शिकण्यापुरतं हे मान्य करायला हवं, आणि कॉलेजातल्या बऱ्याच संशोधनाला मोठं यंत्र लागतही नाही. पण फुकटचं सत्र काही तासांनी तुटतं, उद्या तेवढंच यंत्र मिळेल याची हमी नसते, आणि रुग्णांचे अहवाल किंवा आदिवासी गावांतली ध्वनिमुद्रणं परदेशी कंपनीच्या सर्व्हरवर चढवणं अनेकदा योग्य नसतं. त्यातून ‘करायचं आहे तो करेलच’ हा युक्तिवाद १९६५ मध्येही करता आला असता. तेव्हाही काही जिद्दी माणसांनी केलंच. धोरण ठरवायचं ते मात्र बाकीच्यांसाठी.

तिसरा आक्षेप कॉलेजांच्या आतूनच येतो: यंत्र द्या, आमचं आम्ही बघू. सी-डॅकनं ‘परम शावक’ हा टेबलावर मावणारा महासंगणक अशाच संस्थांसाठी काढला आणि कल्पना चांगली होती. तरी असं यंत्र सांभाळायला, त्याच्यावरच्या प्रणाली अद्ययावत ठेवायला, नव्या माणसाला शिकवायला कुणाचं तरी पद लागतं. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत रिकाम्या जागांवर तासिका तत्त्वावरचे शिक्षक काम करतात. त्यांना मोबदला तासांचा मिळतो, संशोधनाचा नाही. कायम सहायक प्राध्यापकालाही विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार आठवड्याला १६ तास शिकवावं लागतं, परीक्षा आणि ‘नॅक’ची कागदपत्रं वेगळीच. अशा माणसाच्या टेबलावर जीपीयू ठेवून त्याच्याकडून शोधनिबंधाची अपेक्षा धरणं अन्यायाचं आहे.

मग करायचं काय? काही चौकट आधीच तयार आहे. महासंगणन मोहिमेनं प्रशिक्षणासाठी खरगपूर, मद्रास, गोवा आणि पालक्काड इथल्या आयआयटींत केंद्रं नेमली आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये देशाला अर्पण झालेल्या तीन ‘परम रुद्र’ यंत्रांपैकी एक पुण्याजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीसाठी आहे आणि एक दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात. दिल्लीचं हे केंद्र विद्यापीठांतल्या लोकांसाठी १९८४ मध्येच स्थापन झालं. बाहेरच्या संशोधकाला वेळ देणं हे त्याचं नेमून दिलेलं काम आहे. महाराष्ट्रात आयुकाच्या धर्तीवर जळगाव, नांदेड, सोलापूर आणि गडचिरोलीच्या विद्यापीठांत कृत्रिम बुद्धिमत्तेचे असोसिएट नेमता येतील. त्यांना वर्षातून दोन महिने पुण्या-मुंबईच्या किंवा गोव्याच्या केंद्रात काम करू द्यावं, तेवढ्या काळाच्या तासिका दुसऱ्याला द्याव्यात, जीपीयूचे ठरावीक तास त्यांच्या नावे राखून ठेवावेत, आणि परतल्यावर आसपासच्या कॉलेजांना शिकवणं हा त्यांच्या नेमणुकीचाच भाग असावा. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांनाही या निवडीत अर्ज करता यायला हवा, कारण जिल्ह्यांतल्या कॉलेजांत आज शिकवणाऱ्यांत त्यांची संख्या मोठी आहे.