गिरमिटाची बेटे

मराठीत गिरमिट म्हणजे लाकडाला भोक पाडण्याचे सुताराचे हत्यार. पॅसिफिक महासागरातील फिजी बेटांवर मात्र या शब्दाचा अर्थ निराळा आहे. मजुरीच्या ‘अ‍ॅग्रीमेंट’ला तेथे गेलेल्या हिंदी मजुरांनी गिरमिट म्हटले आणि त्या कराराने बांधलेला माणूस गिरमिटिया ठरला.

फिजीत तीनशेंहून अधिक बेटे आहेत; वस्ती त्यांतील सुमारे एक तृतीयांश बेटांवरच आहे. १० ऑक्टोबर १८७४ रोजी ही बेटे ब्रिटिशांच्या स्वाधीन झाली आणि पुढच्याच वर्षी गोवराच्या साथीने हजारो मूळ रहिवासी मृत्युमुखी पडले. गव्हर्नर सर आर्थर गॉर्डन यांनी त्यांच्या जमिनींची विक्री थांबविली व त्यांना मळ्यांवर राबविण्यास आळा घातला. धोरण दयाळू होते; पण वसाहतीचा खर्च भागवायला ऊस हवा होता आणि उसाला हात हवे होते. ते हात हिंदुस्थानातून आणण्यात आले.

१४ मे १८७९ रोजी ‘लिओनिडास’ हे पहिले जहाज कलकत्त्याहून फिजीला पोहोचले. त्याच सुमारास, १८७७ ते १८७९ या काळात, पुढे विवेकानंद म्हणून विख्यात झालेला बालक नरेंद्रनाथ रायपूरच्या बूढापाऱ्यात राहत होता. रायपूरला तेव्हा आगगाडी नव्हती. नागपूरपासून पुढची वाट बैलगाडीची. अशा भूवेष्टित मुलखातील शेतकऱ्याला फिजी कोठे आहे हे कसे ठाऊक असणार? भरती करणारे आरकाटी याच अज्ञानाचा लाभ घेत. बहुतेक मजूर संयुक्त प्रांत व बिहारमधले होते. काही मध्य प्रांतातूनही गेले, आणि १९०३ पासून मद्रासकडील लोकांची भर पडली. १९१६ पर्यंत साठ हजारांवर माणसे तेथे उतरली.

करार पाच वर्षांचा. पुरुषाला दिवसाला एक शिलिंग आणि स्त्रीला नऊ पेन्स मजुरी ठरलेली. पण नेमून दिलेले काम पुरे झाले नाही तर तीही पदरात पडत नसे. कामावर न जाणे हा फौजदारी गुन्हा होता. सरकारी खर्चाने परत यायचे, तर दहा वर्षे काढावी लागत.

या पद्धतीवर घाव घातला तो एका कोकणी माणसाने. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या ठरावामुळे १९१० साली नाताळची मजूरभरती थांबविण्याचा मार्ग मोकळा झाला. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी सर्वच वसाहतींसाठी ही पद्धत बंद करण्याचा ठराव मध्यवर्ती कायदेमंडळात मांडला. अडाणी माणसाला न समजलेल्या कराराने तुरुंगाच्या धाकाखाली बांधणे हा अन्याय तर आहेच, शिवाय साऱ्या राष्ट्राचा अपमान आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ठराव २२ विरुद्ध ३३ मतांनी पडला; विरोधी मते सरकारी बाजूची होती. १९१५ साली गोखले निवर्तले. पुढच्याच वर्षी पंडित मदनमोहन मालवीयांनी तोच प्रश्न मांडला तेव्हा लॉर्ड हार्डिंज यांना तो मान्य करावा लागला. १ जानेवारी १९२० रोजी फिजीतील उरलेले करारही रद्द झाले.

निम्म्याहून अधिक गिरमिटिये तेथेच राहिले. त्यांच्या निरनिराळ्या बोली मिसळून फिजीची स्वतंत्र हिंदी घडली. जमीन मात्र बहुतांशी मूळ फिजीयनांचीच राहिली. हिंदी वंशाचा शेतकरी खंडाने ऊस पिकवीत आला. १९७० साली देश स्वतंत्र झाला, तरी हा पेच सुटला नाही. १९९९ साली गिरमिटियांचे वंशज महेंद्र चौधरी पंतप्रधान झाले आणि वर्षभरातच बंडखोरांनी त्यांना ओलीस धरले. १९८७ साली झालेला पहिला लष्करी उठावही १४ मे रोजीच, ‘लिओनिडास’ पोहोचल्याच्या तारखेलाच, झाला होता. करार कागदावर पाच वर्षांत संपत असे. माणसांच्या जीवनात त्याचे छिद्र पिढ्यान्‌पिढ्या उरले.