८५ तुकड्यांचा स्पायडरमॅन

खेळण्याच्या दुकानात लेगोचा छोटा सेट हातात धरून बहुतेक पालक एकच हिशोब करतात: किंमत भागिले तुकडे. तुकड्यामागे दहा अमेरिकी सेंट, हा शौकिनांचा जुना ठोकताळा. २०१६ साली ‘मायटी मायक्रोज’ मालिकेत स्पायडरमॅन आणि ग्रीन गॉब्लिनचा सेट निघाला. ८५ तुकडे, अमेरिकेत किंमत ९.९९ डॉलर. म्हणजे तुकडा जवळपास बारा सेंटला पडला, ठोकताळ्यानं महागच. माझं आयुष्य ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये प्लास्टिकचे मोल्ड बनवण्यात गेलं आणि मला हा भागाकार कधी पटला नाही. तुकड्याची किंमत प्लास्टिकात फार थोडी असते. ती मोल्डमध्ये असते, आणि तो मोल्ड कुणी, किती निगुतीनं केला यात असते. म्हणून सेट घ्यावा की नाही हे ठरवायला लेगोच्या विटेचा इतिहास ठाऊक हवा.

बिलुंड हे डेन्मार्कमधलं लहानसं गाव, लेगोचं जन्मस्थान. तिथला सुतार ओले किर्क क्रिस्टियानसेन मंदीत बांधकामं आटली म्हणून १९३२ पासून लाकडी खेळणी करू लागला. त्याची एक गोष्ट मी टूलरूममध्ये येणाऱ्या प्रत्येक शिकाऊ पोराला सांगत असे. मुलगा गॉटफ्रेड एकदा लाकडी बदकांची खोकी स्टेशनवर पोचवून आला आणि खुशीत म्हणाला, या खेपेला वार्निशचे तीनऐवजी दोनच हात दिले, पैसे वाचले. बापानं त्याला आल्या पावली परत पाठवलं. खोकी माघारी आणून, प्रत्येक बदकाला राहिलेला हात देऊन, पुन्हा बांधून ती पोचवायची, आणि हे सगळं त्यानं एकट्यानं करायचं. लेगोची वीट पुढे ज्या काटेकोरपणासाठी नावाजली गेली तो मला त्या बदकांपासूनच दिसतो.

१९४६ साली या सुतारानं इंग्लंडमधून विंडसरचं इंजेक्शन मोल्डिंग मशीन मागवलं. विंडसर हे नाव आम्हा ठाणेकरांना घरचं. त्याच नावाची मशीन पुढे ठाण्यातच बनू लागली आणि माझे कितीतरी मोल्ड त्यांच्यावर चढले. बिलुंडच्या त्या सुताराला तेव्हा ते मशीन परवडण्यासारखं नव्हतं, तरी त्यानं घेतलं.

वीट मात्र त्याची स्वतःची कल्पना नव्हे. मशीनच्या व्यवहारात नमुने म्हणून हाती आलेल्या वस्तूंत किडीक्राफ्टच्या विटा होत्या. हिलरी फिशर पेज या इंग्रज खेळणीकाराची ती निर्मिती. लेगोनं १९४९ मध्ये बाजारात आणलेली वीट तिच्यावरूनच बेतलेली होती. पेज १९५७ साली गेले. त्यांच्या विटेचे हक्क लेगोनं रीतसर विकत घेतले ते १९८१ मध्ये, म्हणजे ते पाहायला पेज हयात नव्हते. मोल्ड करणाऱ्या माणसाला ही गोष्ट टोचते. पेज यांचं नाव निदान एखाद्या खोक्यावर यायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

पण जे लेगोचं स्वतःचं आहे ते खरोखर थोर आहे. १९४९ची वीट आतून पोकळ होती. एकीवर एक रचली तर उभी राहायची, पण उचललं की निखळायची. २८ जानेवारी १९५८ रोजी गॉटफ्रेडनं ज्या सुधारणेच्या पेटंटसाठी अर्ज केला, ती म्हणजे विटेच्या पोटातल्या नळ्या. आकडे बघा. विटेच्या माथ्यावरचे गोल उंचवटे म्हणजे स्टड. शेजारच्या दोन स्टडमधलं अंतर, मध्य ते मध्य, ८ मिलिमीटर. स्टडचा व्यास ४.८. चार स्टडच्या चौकोनाचा कर्ण येतो ११.३१, त्यातून एका स्टडचा व्यास काढला की उरतात ६.५१. नळीचा बाहेरचा व्यास नेमका तेवढा. त्यामुळे नळी चारही स्टडना टेकते, बाहेरून भिंती टेकतात, आणि वीट धरून राहते. ही पकड मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर अवलंबून आहे. जरा सैल झाली तर घर कोसळतं, जरा घट्ट झाली तर पाच वर्षांच्या मुलाला वीट सुटत नाही. सुरुवातीचं सेल्युलोज अ‍ॅसिटेट हे प्लास्टिक काळानं वाकायचं, म्हणून १९६३च्या सुमारास एबीएस प्लास्टिक आलं. १९५८ साली ठरलेली मापं अजून बदललेली नाहीत.

आता सुपरहिरो. १९७८ साली हात-पाय हलणारी ती पिवळ्या चेहऱ्याची छोटी आकृती आली. १९९९ मध्ये ‘स्टार वॉर्स’चा परवाना घेऊन लेगोनं पहिल्यांदा दुसऱ्याच्या गोष्टीतली पात्रं विटेत आणली. २००२ मध्ये स्पायडरमॅन, २००६ मध्ये बॅटमॅन, आणि २०१२ पासून सुपरहिरोंची स्वतंत्र मालिका. याच काळात कंपनी बुडायला आली होती. कारणं बरीच होती, पण माझ्या धंद्यातलं कारण मला स्पष्ट दिसतं: एकाच सेटपुरते उपयोगी पडणारे खास तुकडे भरमसाठ वाढले होते. वेगवेगळ्या तुकड्यांची यादी बारा हजारांच्या पुढे गेली. नवा आकार म्हणजे नवा मोल्ड, आणि चांगल्या मोल्डचा खर्च कोट्यवधी तुकडे काढले तरच फिटतो. २००४ मध्ये यॉर्गन विग क्नुडस्टॉर्प यांच्याकडे सूत्रं आली आणि ती यादी कापत कापत सात हजारांच्या आसपास आणली गेली. कंपनी सावरली.

छोटा सेट पारखताना मी हेच पाहतो. डब्याच्या चित्रात असे किती तुकडे आहेत, जे नायकाचं नाव काढून टाकलं तरी कामाचे राहतील? स्पायडरमॅनच्या त्या सेटमध्ये दोन आकृत्या आणि दोन बुटक्या गाड्या आहेत. आकृत्यांचे पाय आखूड, न वाकणारे; त्यांना गाडीत नीट बसवता येत नाही, हा खरा उणेपणा. परवान्याचे आणि छपाईचे पैसे त्या दोघांवरच गेलेले. पण गाड्या चाकं, प्लेटा, उतरते तुकडे अशा साध्या मालाच्या. माझ्या नातवानं दोन्ही मोडून एक लांबलचक टँकर केला, तो जुन्या विटांच्या पुलावरून गेला, आणि स्पायडरमॅन टोलनाक्यावर उभा राहिला. तुकड्याला बारा सेंट पडले तरी हा सेट घेण्यासारखाच होता. उलट मोठ्या पंखाचा किंवा एकसंध कवचाचा अर्धा डबा भरलेला सेट, तुकड्यामागे स्वस्त दिसला तरी, मी परत ठेवतो.

बाजारात सुपरहिरोंच्या नकला निम्म्याहून कमी दरात मिळतात. त्यांच्या काही विटा बसता बसत नाहीत आणि बसल्या तर निघत नाहीत. मोल्डवर वाचवलेला खर्च बोटांना लगेच कळतो. मुलाला त्यात आपलीच चूक वाटते, आणि त्याचा मला फार राग येतो.

मायटी मायक्रोजचे सेट आता दुकानातून गेले आहेत. जुन्या मालाच्या बाजारात आकृत्या वेगळ्या काढून चढ्या भावानं विकतात आणि उरलेल्या विटा पिशवीत भरून वजनावर देतात. परवडत असेल तर आकृती घ्यावी, मुलाला हौस असते. पण ती पिशवी दिसली तर आधी घ्यावी.