दुसरा कार्ब्युरेटर

अमेरिकेच्या युटा राज्यात बॉनव्हिल नावाचे मिठाचे एक विस्तीर्ण मैदान आहे. प्राचीन काळच्या एका सरोवराचे पाणी आटून गेले आणि मागे पांढरा, सपाट, कठीण थर तेवढा उरला. झाड नाही, वळण नाही. वेगाचे वेड लागलेल्या माणसांना याहून सोयीची जागा पृथ्वीच्या पाठीवर क्वचितच सापडेल. १९५६ च्या सप्टेंबर महिन्यात टेक्सास राज्यातील जॉनी ॲलन ह्या तरुणाने ह्या मैदानावर, माशाच्या आकाराच्या बंदिस्त कवचात बसून, ताशी २१४ मैलांहून अधिक वेगाने एक मोटारसायकल पळविली. कवच विलक्षण होते, इंधनही पेट्रोल नसून मेथिल अल्कोहोल होते. परंतु आतले इंजिन मात्र इंग्लंडातील ट्रायम्फ कारखान्याच्या थंडरबर्ड ह्या ६५० घन सेंटिमीटरच्या नित्याच्या गाडीचेच होते. टेक्सासच्या कारागिरांनी त्यावर जे संस्कार केले, त्यांत एक ठळक होता: कारखाना जेथे एक कार्ब्युरेटर बसवीत असे, तेथे त्यांनी दोन बसविले होते.

हा विक्रम आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाने मान्य केला नाही. महिनाभर आधी त्याच मैदानावर जर्मन एन्.एस्.यू. गाडीवरून विल्हेल्म हेर्ट्झने ताशी २१० मैलांची मर्यादा ओलांडली होती, तोच विक्रम ग्राह्य राहिला. ट्रायम्फने पुष्कळ वाद घातला, तो व्यर्थ गेला. पण विक्रमांच्या वहीत काय लिहिले जाते, याच्याशी अमेरिकेतील तरुण गिऱ्हाइकांना फारसे कर्तव्य नव्हते. त्यांना दोन कार्ब्युरेटरांची ट्रायम्फ हवी होती.

कार्ब्युरेटर हे मोटारसायकलीच्या इंजिनाचे नाक म्हणावे, आणि एका अर्थी तोंडही. दट्ट्या खाली जातो तेव्हा सिलिंडरात पोकळी निर्माण होते व बाहेरची हवा एका अरुंद नळीतून आत धावते. अरुंद जागी हवेचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. त्या उतरलेल्या दाबामुळे जेट नावाच्या सूक्ष्म छिद्रातून पेट्रोल वर ओढले जाऊन त्याचे तुषार होतात. चालक मूठ पिळतो तेव्हा नळीतील स्लाइड वर उचलली जाते, तिच्याबरोबर निमुळती सुई उचलली जाते, आणि हवा व पेट्रोल दोन्ही वाढतात. अमाल ह्या इंग्रजी कार्ब्युरेटरच्या जेटवर कोरलेला आकडा मिनिटाला किती घन सेंटिमीटर पेट्रोल त्यातून वाहील हे सांगतो. असा जेट बदलणे हे स्क्रू काढण्याघालण्याचे काम. तो नेमका कोणता घालावा हे ठरविण्यात मात्र कारागिराचे सारे आयुष्य जाते. पेट्रोल कमी पडले तर इंजिन तापून दट्ट्याचा माथा वितळू शकतो. जास्त झाले तर मेणबत्तीच्या काजळीसारखी पूड प्लगवर चढते.

ट्रायम्फचे प्रमुख एडवर्ड टर्नर यांनी १९३७ साली आपली ५०० घन सेंटिमीटरची स्पीड ट्विन ही गाडी बाजारात आणली. तिच्यात दोन सिलिंडर शेजारी शेजारी होते. त्यांचे दट्ट्ये एकदमच वर व एकदमच खाली जात, परंतु श्वास घेण्याची पाळी मात्र आळीपाळीने, दर फेऱ्याला एकेकाची येई. ह्या रचनेला एक कार्ब्युरेटर चांगला मानवतो, कारण त्याच्यावरील ओढ सारख्या अंतराने पडते. टर्नर यांची दृष्टी व्यापाऱ्याची होती. सुबक, हलकी, स्वस्त आणि घरच्या माणसाला सांभाळता येईल अशी गाडी त्यांना हवी होती. शर्यतींचा त्यांना मनस्वी कंटाळा. १९४६ साली ते अमेरिकेत असताना कारखान्यातील फ्रेडी क्लार्क यांनी दोन कार्ब्युरेटरांची एक शर्यतीची गाडी सिद्ध केली, आणि एर्नी लायन्सने तिच्यावर भर पावसात मँक्स ग्रां प्री जिंकली. मालकाच्या गैरहजेरीत मिळविलेले हे यश मालकाला कितपत रुचले असेल, याची कल्पना करता येते. १९४९ च्या सप्टेंबरात फ्रान्समधील माँलेरी येथे तीन थंडरबर्ड गाड्यांनी ताशी ९० मैलांच्या वर सरासरी राखून पाचशे मैल पार केले, तेही एकेका कार्ब्युरेटरवर. मग दुसऱ्याची गरज काय?

गरज होती ती वरच्या फेऱ्यांत. एकाच नळीतून आलेली हवा दोन फाटे घेऊन दोन सिलिंडरांकडे वळते, तेव्हा मंद गतीत काही बिघडत नाही; परंतु मिनिटाला सहा हजार फेरे होऊ लागले की तेच वळण गळ्यातील घास ठरते. प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र, आखूड आणि सरळ वाट दिली की श्वास पुरा होतो. अमेरिकन विक्रेत्यांच्या तगाद्यापुढे टर्नर अखेर नमले, आणि १९५८ च्या अखेरीस ट्रायम्फने ‘बॉनव्हिल’ नावाचीच गाडी पुढे आणली. निर्णय इतक्या उशिरा झाला की पुढील वर्षाच्या छापील यादीत तिला जागाही मिळाली नव्हती. कारखाना तिची शक्ती ४६ अश्वशक्ती सांगे. ह्या जोरासाठी इंजिनातील मुख्य दांडाही नव्याने, एकसंध घडविलेला होता. कारण वरून जास्त हवा घालावी तर खालच्या पोलादाने ती सोसली पाहिजे. हौशी लोक नेमके हेच विसरतात.

पहिल्या बॉनव्हिलवरील कार्ब्युरेटरांची कथा मोठी उद्बोधक आहे. अमालच्या मोनोब्लॉक कार्ब्युरेटरात पेट्रोलची वाटी अंगचीच ओतलेली असते. ह्या गाडीवर त्या वाट्या छाटून टाकल्या आणि दोहोंना मिळून मध्ये एकच वाटी टांगली. कागदावर ही योजना नीटनेटकी होती. रस्त्यावर मात्र जोराने वेग घेताना किंवा ब्रेक दाबताना त्या वाटीतील पेट्रोल हिंदकळे, आणि दोन्ही सिलिंडर एकदमच उपाशी राहत. दोन वर्षांत ती वाटी गेली व दोन्ही कार्ब्युरेटरांना आपापल्या वाट्या परत मिळाल्या.

त्यानंतरही दोन जिवांचा संसार राहिलाच. दोन्ही स्लाइडी केसभरही मागेपुढे न होता एकदम उचलल्या गेल्या पाहिजेत. एक तार किंचित ताणली गेली की एक सिलिंडर ओझे ओढतो आणि दुसरा नुसता चालतो. हँडल थरथरू लागते आणि चौकात उभी असलेली गाडी लंगड्या घोड्यासारखी खुरे आपटते. कुशल मिस्त्री दोन्ही कार्ब्युरेटरांच्या तोंडांत एकेक बोट घालून स्लाइडींची हालचाल अजमावीत. ज्यांना हे नको होते, त्यांच्यासाठी कारखान्याने एका कार्ब्युरेटरची ट्रॉफी ही गाडी ठेवलीच होती. पोलिसांनी तिचीच आवृत्ती पसंत केली. वाळवंटातील लांब शर्यतीही पुष्कळांनी तिच्यावरच केल्या. १९६३ च्या ‘द ग्रेट एस्केप’ ह्या चित्रपटात तारेच्या कुंपणावरून बड एकिन्स यांनी मारलेली प्रसिद्ध उडी ट्रॉफीवरची होती. तिच्या आधी, १९५२ पासून, थंडरबर्डवर एस्.यू. जातीचा कार्ब्युरेटर बसत असे. त्यातील स्लाइड चालकाच्या मुठीने नव्हे, तर इंजिनाच्या ओढीने वर उचलली जाई. तो पेट्रोलची बचत करी. घरदार असलेल्या मनुष्याला तोच शहाणपणाचा वाटला असता.

तरीही नाव राहिले ते बॉनव्हिलचे. १९६२ साली बिल जॉन्सनने त्याच मिठाच्या मैदानावर ताशी २२४ मैल गाठले, आणि ह्या वेळी महासंघाने विक्रम मान्य केला. १९६९ साली माल्कम अपहिलने मँक्स बेटावरील शर्यतीत बॉनव्हिलवरून एक फेरी ताशी शंभर मैलांच्या वर पुरी केली. बाजारी गाडीने तसे करण्याची ती पहिली वेळ होती.

पुढे ब्रिटिश मोटारसायकल उद्योगच कोसळला आणि मेरिडेन येथील जुना कारखाना १९८३ साली बंद झाला. नव्या मालकीच्या ट्रायम्फने २००१ साली पुन्हा बॉनव्हिल काढली, तिलाही दोन कार्ब्युरेटर होते, पण जपानी केहिनचे. धुराचे नियम कडक झाल्यावर, २००८ पासून, त्यांची जागा विद्युन्नियंत्रित इंधन-फवाऱ्यांनी घेतली. गंमत अशी की ते फवारे बसविलेली खोकी मुद्दाम जुन्या कार्ब्युरेटरांच्या आकाराची घडविली गेली, म्हणजे बाजूने पाहणाऱ्यास काही बदलल्यासारखे वाटू नये. भारतात हेच स्थित्यंतर १ एप्रिल २०२० च्या नव्या नियमांबरोबर बहुतेक पुरे झाले. २०२३ साली पुण्याजवळील चाकण येथे बजाजच्या कारखान्यात ट्रायम्फची स्पीड ४०० ही गाडी तयार होऊ लागली. तिला सिलिंडर एक आहे; कार्ब्युरेटर एकही नाही.