कुंभकोणचा शिधा आणि शिदोरी

कावेरी आणि अरसलार या दोन प्रवाहांच्या मधल्या सुपीक भूमीवर वसलेल्या, आणि दर बारा वर्षांनी येणाऱ्या महामहम् पर्वामुळे अखिल भारतात विश्रुत झालेल्या कुंभकोणम् नगरात ‘दबीर’ हे मराठेशाहीच्या दरबारातले पदनाम अद्याप एका वीथीला जडलेले आहे. इ. स. १६७५ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावरची गादी घेतली आणि १८५५ मध्ये कंपनी सरकारने ते संस्थान खालसा केले. या सुमारे एकशेऐंशी वर्षांत कारकून, फडनीस, पुराणिक, वैद्य, हरिदास अशा नाना नात्यांनी दक्षिणेत उतरलेली मराठी घराणी तंजावरप्रमाणेच कुंभकोणातही स्थिरावली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी करणारे सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली याच गावचा. या घराण्यांच्या राजकारणाविषयी पुष्कळ लिहिले गेले. परंतु अनेक घरांनी मिळून जेवावयाचे असेल तेव्हा कोणी काय आणावे, कसे आणावे आणि आणलेल्याचे पुढे काय व्हावे, यासंबंधी त्यांच्या आणि त्यांच्या तमिळ शेजाऱ्यांच्या गावात जो शिरस्ता रुजला, त्याकडे इतिहासकारांचे लक्ष फारसे गेलेले नाही. माझ्या मते त्या समाजाचे अंतरंग दरबारी सनदांपेक्षा या शिरस्त्यात अधिक उघडपणे दिसते.

हा शिरस्ता समजण्यासाठी सोवळ्याओवळ्याचा जुना नियम प्रथम ध्यानात घ्यावा लागतो. धान्य, डाळ, गूळ, तूप, भाजी हे जिन्नस जोवर कच्चे आहेत तोवर ते कोणाच्याही हातून कोणाच्याही घरी जाऊ शकत. त्यांना स्पर्शाचा दोष लागत नसे. पण तांदळाला पाणी आणि अग्नी लागून त्याचा भात झाला की तो रांधणाऱ्याच्या जातीशी, कुळाशी आणि सोवळ्याशी बांधला जाई, आणि तो घेऊन दुसऱ्याच्या उंबरठ्याआत जाणे हा मोठ्या जबाबदारीचा विषय होई. म्हणून मराठी आणि तमिळ या दोन्ही घरांत परक्याला शिधा देण्याची चाल पडली: सुपात तांदूळ, डाळ, मीठ, मिरची, गूळ, तूप, भाजी आणि वर विडा-दक्षिणा; घेणाऱ्याने आपल्या हाताने, आपल्या चुलीवर रांधून घ्यावे.

या नियमाला राजाश्रयाने केवढे विशाल रूप आले होते, याची साक्ष तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या एका पत्रात मिळते. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीच्या हाती गेल्यावरही रामेश्वराच्या वाटेवरची छत्रे, म्हणजे वाटसरूंना अन्न देणाऱ्या धर्मशाळा, आपल्याच व्यवस्थेत राहावीत असा त्यांचा आग्रह होता, आणि त्या आग्रहापोटी १८०१ च्या आरंभी त्यांनी रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना छत्रांचा रिवाज सविस्तर लिहून कळविला. ब्राह्मणापासून अस्पृश्य मानलेल्या माणसापर्यंत जो जो वाटसरू येईल त्याला, तसेच जोगी, जंगम आणि फकीर यांनाही भात मिळे. ज्याला शिजवलेले अन्न चालत नसे त्याला तांदूळ आणि मसाल्याचे जिन्नस कच्चे दिले जात. आणि हे वाटप मध्यरात्रीपर्यंत चालून शेवटी घंटा वाजविली जाई व कोणी जेवावयाचे राहिले असल्यास त्याने यावे अशी दवंडी दिली जाई. अन्न देणाऱ्याने घेणाऱ्याचा नियम मोडू नये, त्याला लाजवू नये, त्याला भुकेलाही ठेवू नये, या तिन्ही गोष्टी एकाच शिरस्त्यात सांभाळण्याची ही तजवीज मला तंजावरच्या कोणत्याही प्रासादापेक्षा मोठी वाटते.

छत्रातले अन्न राजाचे होते. अनेक घरांनी आणलेल्या अन्नाचे खरे रूप पाहावयाचे तर कुंभकोणाच्या आसमंतातील भजनपद्धतीकडे वळले पाहिजे. गोविंदपुरम् येथे समाधिस्थ झालेले बोधेंद्र सरस्वती, तिरुविसनल्लूरचे श्रीधर वेंकटेश अय्यावाळ आणि मरुदानल्लूरचे सद्गुरुस्वामी हे या संप्रदायाचे तीन आचार्य मानले जातात, आणि तिघांचीही स्थाने कुंभकोणापासून थोड्याच अंतरावर आहेत. या पद्धतीत नामदेव-तुकारामांचे अभंग तेलुगू, संस्कृत आणि तमिळ पदांच्या जोडीने आजही गायिले जातात. राधाकल्याणाच्या, म्हणजे राधाकृष्णांच्या विवाहाच्या, उत्सवात प्रातःकाळी भागवतर, म्हणजे भजन चालविणारा, खांद्यावर तंबुरा आणि सोबत तांब्याचे पात्र घेऊन नामघोष करीत वीथीतून निघतो, दारोदारी गृहिणी त्याचे पाय धुऊन आरती ओवाळते आणि पात्रात तांदूळ घालते. हीच उंछवृत्ती. त्यागराजस्वामींनी तिरुवैयारू येथे आयुष्यभर चालविली ती हीच.

उंछवृत्तीची मर्यादा बारकाईने पाहण्यासारखी आहे. भागवतराने मागावयाचे नाही. घरापुढे भजन म्हणावयाचे आणि जे मिळेल ते घ्यावयाचे. देणाऱ्याने शिजवलेले द्यावयाचे नाही. संपन्न घराचे मापभर तांदूळ आणि विधवेच्या घरचे मूठभर तांदूळ एकाच पात्रात पडतात, एकाच चुलीवर चढतात, आणि पंगतीत वाढला जाणारा भात कोणाच्या दाण्यांचा आहे हे सांगणे कोणाला शक्य राहत नाही. ज्या मेळाव्यात प्रत्येक जण आपापले पक्वान्न आणतो तेथे कोणाचे संपले, कोणाचे उरले, कोणी तुपात हात आखडला याचा हिशेब न सांगताही होतो, आणि कमी ऐपतीच्या घराला तो हिशेब फार जड जातो. उंछवृत्तीत तो हिशेब संभवतच नाही. अन्न आणणाऱ्याचे नाव अन्नावर राहू द्यावयाचे नाही, हे या प्रथेचे मर्म आहे, आणि सामुदायिक भोजनाविषयी कुंभकोणच्या इतिहासाने दिलेला सर्वांत परिपक्व विचार मी यालाच मानतो.

तरीही घरचे रांधलेले एकमेकांना भरविण्याचा आनंद माणूस सोडीत नाही, आणि त्यासाठी कावेरीचा काठ होता. तमिळ आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे इंग्रजी ऑगस्टच्या प्रारंभी, नदीला नवे पाणी आलेले असते. त्या दिवशी घरोघरच्या स्त्रिया काळे मणी, ताडपत्राची कर्णभूषणे आणि पिवळा दोरा कावेरीला अर्पण करून घाटावरच कुटुंबासह जेवतात. बरोबर नेण्याचे पदार्थ परंपरेने ठरलेले: चिंचेचा भात, लिंबाचा भात, नारळाचा भात, तिळाचा भात, गुळाचा पोंगल आणि दहीभात. ही निवड निव्वळ रुचीची नव्हे. चिंच आणि तिळाचे तेल यांनी भात दिवसभर टिकतो. दहीभात पहाटे दुधात कालवून त्याला नाममात्र विरजण लावतात, म्हणजे दुपारी पान मांडेपर्यंत तो आंबट न होता नेमका लागतो. सगळे आधीच कालवलेले असल्याने वाढणाऱ्याला एका हाताने एकेक गोळा देता येतो, आणि वाटीतांब्यांचे लटांबर न्यावे लागत नाही. लग्नानंतर परतणाऱ्या वरपक्षाला वधूपक्षाकडून जी ‘कट्टुसादम्’ची टोपली दिली जाते तिच्यातही चिंचेचा भात आणि दहीभात असतातच, आपली शिदोरी ती हीच.

मराठी घरांना ही चाल परकी वाटण्याचे कारण नव्हते. अंगतपंगत त्यांच्या रक्तातली होती, आणि गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र करून केलेला काला त्यांच्या हरिदासांनी कीर्तनात गाऊन दक्षिणेत नेला होता. आषाढी पौर्णिमेला पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात वारकरी जो काला करतात त्याचा आणि आडीतल्या कावेरीकाठच्या पंगतीचा काळ बहुधा मागेपुढेच असतो. अंगतपंगतीचे संकेत दोन्हीकडे मिळतेजुळते आहेत. आपला डबा प्रथम शेजाऱ्यापुढे करावा आणि मग आपण घ्यावे. आपल्या पदार्थाची स्तुती आपण करू नये, दुसऱ्याच्या पदार्थात उणे काढू नये. दुसऱ्याच्या भांड्यात आपला उष्टा हात घालू नये. उरलेले मुकाट्याने परत न बांधता गडीमाणसांना, घाटावरच्या भुकेल्यांना द्यावे. आणि कोणाचे भांडे आपल्या घरी राहिलेच तर ते रिकामे परत पाठवू नये, निदान चिमूटभर साखर तरी त्यात घालावी. तंजावरच्या दरबाराशी संबंध असलेल्या रघुनाथ गणेश नवहस्तांनी सतराव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याचा हा काळ प. कृ. गोडे यांनी ठरविला. अन्नाचे गुणदोष आणि भोजनाचे नियम यांचा असा साक्षेपी विचार करणारा पंडित या भूमीशी जोडला जावा, यात नवल नाही.

मात्र या सौजन्याला एक काळी कड होती, आणि ती लपविणे इतिहासाशी प्रतारणा होईल. उंछवृत्तीचे पात्र अग्रहारातून, म्हणजे ब्राह्मणवस्तीतून फिरे, चेरीतून, म्हणजे अस्पृश्य मानलेल्यांच्या वस्तीतून नव्हे. मुठीमुठीत भेद न करणारे ते पात्र काही मुठींपर्यंत पोहोचतच नव्हते. मद्रास इलाख्यात मंदिरप्रवेशाचा कायदा होण्यास १९३९ साल उजाडावे लागले, आणि पंगत तर देवळाहूनही मागे राहिली.

याच भूमीने जातीच्या त्या भिंतीविरुद्धची कथाही जपून ठेवली आहे. तंजावरच्या शहाजीराजांनी १६९३ मध्ये विद्वानांना अग्रहार म्हणून दिलेल्या तिरुविसनल्लुरात अय्यावाळ राहत. त्यांच्या घरी पितृश्राद्धाचा स्वयंपाक सिद्ध झालेला असता एक अंत्यज भुकेने व्याकूळ होऊन दारी आला, आणि ब्राह्मण जेवण्यापूर्वीच अय्यावाळांनी ते अन्न त्याला खाऊ घातले. निमंत्रित ब्राह्मणांनी पंगत टाकली आणि गंगास्नानाचे प्रायश्चित्त सांगितले. तेव्हा भागीरथी त्यांच्या परसातल्या विहिरीत अवतरली, अशी श्रद्धा आहे. चमत्काराचा भाग भाविकांनी ठेवावा. परंतु श्राद्धाच्या पवित्रतम अन्नावर पहिला अधिकार भुकेल्याचा आहे, हा निर्णय ज्या समाजाने संताच्या नावे शतकानुशतके सांगितला, त्याच्या विवेकाला तो ठाऊक होता एवढे निश्चित. तमिळ कार्त्तिगै महिन्याच्या अमावास्येला त्या विहिरीच्या पाण्याने स्नान करण्यास आजही मोठी गर्दी लोटते.

या सर्व व्यवहाराचे मूळ कागद, म्हणजे छत्रांचे जमाखर्च, मुदपाकखान्याच्या बेगमीची टाचणे आणि उत्सवांच्या शिध्याचे हिशेब, तंजावरच्या मोडी दप्तरांत विखुरलेले आहेत. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने १९८९ मध्ये या मोडी कागदांचे निवडक तमिळ भाषांतर तीन खंडांत प्रसिद्ध केले, आणि सरस्वती महाल ग्रंथालयाने सरफोजींच्या पाकशाळेतील ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ छापले. ज्या भाषेत हे कागद लिहिले गेले त्या भाषेच्या वाचकांनी आता मागे राहू नये. महाराष्ट्रातील ज्या तरुण अभ्यासकांना मोडी वाचता येते त्यांनी तंजावर आणि कुंभकोण येथे जाऊन निदान काही छत्रांची शिध्याची टाचणे उतरून घ्यावीत, आणि ज्या दाक्षिणात्य मराठी घरांत आजीच्या हातच्या स्वयंपाकाच्या वह्या अजून शिल्लक आहेत त्यांनी त्या रद्दीत न घालता ग्रंथालयाच्या स्वाधीन कराव्यात, ही माझी कळकळीची विनंती आहे.